काचेची शेगडी आणि आईची कणसं

दि. ४ जुलै

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू आईंसाठी पाठवलेली काचेची शेगडी सुखरूप पोचली. बसवणारा माणूस आला, जुनी गॅसची शेगडी उचलून त्याने आमच्या बाल्कनीत आणून ठेवली आणि आईंच्या ओट्यावर ही काळी, चकचकीत पाटी बसवून गेला. तुझ्या दादाने आधी तिच्यात वाकून स्वतःचा भांग बघून घेतला आणि मग माल एक नंबर आहे असं जाहीर केलं. विजेवर चालते, ना ज्योत, ना धूर, पातेलं उचललं की आपोआप बंद. त्या दिवशी आईंच्या गॅसवर फडकं पेटलं तेव्हापासून तुझा जीव टांगणीला लागला होता, तो आता खाली उतरव.

हे फोनवर का नाही सांगितलं म्हणशील. अगं, आईंच्या आणि आमच्या घरात एकच भिंत आहे, आणि ती नुसती रंगवण्यापुरती. परवा चहात साखर कमी आहे असं मी ह्यांना कुजबुजत म्हटलं, तर पलीकडून आवाज आला की साखरेचा डबा माझ्याकडेच राहिलाय, येऊन घेऊन जा. डॉक्टर म्हणतात आईंना समोरचं दिसायचं बंद झालंय, कडेकडेचं तेवढं उरलंय. पण कान असे तयार झालेत की मी हल्ली मनातल्या मनातसुद्धा जपून बोलते. म्हणून पत्र.

आता खरी गोष्ट लिहिते. शेगडी आली आणि आईंनी स्वयंपाकच सोडला. विचारलं तर शेगडी छानच आहे म्हणतात, भूकच नाही म्हणतात. ब्रेड, केळी, दूध, एवढ्यावर भागवतात. मी डबा दिला तर खातात, पण परक्या घरी जेवल्यासारखं. गेल्या आठवड्यात बाजारातून स्वतः निवडून कोवळी कणसं आणली, आणि ती ओट्यावर पडून राहिली. पानं पिवळी पडली, तेव्हा पिशवी माझ्या हातात दिली आणि तूच कर म्हणाल्या. ठमे, ज्या बाईने कचेरीत टायपिंग करता करता अख्ख्या विभागाला उकडलेल्या कणसांची चटक लावली, ती म्हणते तूच कर.

तुझ्या दादाचं म्हणणं, हेच लक्षण आहे, आता आईला एकटं ठेवण्यात अर्थ नाही. मला अजून तसं म्हणवत नाही. तू काय म्हणतेस ते कळव.

शिवणाच्या दुकानात कपड्यांचा ढीग पडलाय, सगळ्या गावाच्या कमरा एकदम वाढल्यात. पत्र आखूड झालं तरी माया मापात घेऊ नकोस.

तुझी,
वहिनी


दि. ११ जुलै

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं, आणि प्रयोगशाळेत दुधाचे नमुने तपासताना मी एका बाटलीवर दुसऱ्याच डेअरीचं नाव लिहिलं. यावरून माझी अवस्था ओळख.

दादा म्हणतो तेच मला पटतं. आई स्वयंपाक सोडते म्हणजे तिने हात टेकले. तिला ते सांगवत नाही, एवढंच. मी तिला इकडे माझ्याकडे आणायचं ठरवलंय, कायमचं. मागची खोली रंगवून घेतली. पलंग खिडकीजवळ लावलाय, सकाळचं ऊन थेट उशीवर येतं. न्हाणीघरात धरायला कठडा बसवला. पडदे शिवायला इथल्या बाईकडे टाकले (तुझ्याकडे नाही टाकले, रागावू नकोस, तू मापं विचारून मला भंडावून सोडलं असतंस). दोन नवे कपसुद्धा आणून ठेवलेत. मी कामावर असते तेव्हा शेजारच्या निवृत्त परिचारिका येऊन बसतील. आईला काडीलाही हात लावावा लागणार नाही.

कणसांचं वाचून मलाच भूक लागली. काल मीही आणली. घड्याळ लावून उकडली, थर्मामीटर हाताशीच होता. दाणे असे निबर झाले की दाढ दुखायला लागली. आईची कणसं कशी दाताला लागायच्या आधीच फुटायची! घरी चिडीचूप शांतता असायची तेव्हा, आठवतं? सगळे ओळीने दाणे सोलत बसलेले. आता तिला ते जमत नाही हे लिहितानाही कसंतरी होतं.

ऑगस्टमध्ये रजा टाकते आणि तिला न्यायला येते. तोवर तिला हळूहळू तयार कर. तुझं ती ऐकते. माझं ऐकल्यासारखं करते.

दादाला नमस्कार सांग, तुझ्यावर भिस्त आहे, ती डळमळू देऊ नकोस.

तुझी,
ठमी


दि. १९ जुलै

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र बसून वाच. आणि वाचून झाल्यावर लगेच फोन उचलू नकोस, भिंतीचं सांगितलंय ते लक्षात ठेव.

मंगळवारी दुपारी मी आईंकडे धुतलेल्या चादरी द्यायला गेले. दार लोटलेलंच होतं. आई तुझ्या शेगडीसमोर उभ्या होत्या आणि दोन्ही हातांची बोटं त्या काचेवरून फिरवत होत्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा मागे. अगं, त्या बटण शोधत होत्या. आणि त्या पाटीला बटण आहे कुठे? काचेवर नुसत्या रेघा रंगवल्यात, त्या बघून बोट ठेवायचं. हाताला सगळीकडे सारखंच गुळगुळीत. बोट जरा ओलं असलं की ती किंचाळते आणि स्वतःला कुलूप लावून घेते. चालू झाली तरी कळत नाही, वाढली तरी कळत नाही. आयुष्यभर कळांकडे न बघता टाइप करणाऱ्या बाईच्या हातात आपण एक अशी वस्तू दिली, जिला कळाच नाहीत. तू निवडलीस, दादाने वाखाणली, मी फडक्याने पुसून चमकवली. तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मी म्हटलं, आई, सांगायचं नाही का? तर म्हणाल्या, पोरीने एवढ्या हौसेने पाठवली, आणि मी काय सांगू, की तुझ्या भेटीने मला उपाशी ठेवलं? मला रडायलाच आलं. त्याही थोड्या रडल्या. मग दोघींनी नाकं पुसली आणि मी त्यांना हाताला धरून आमच्या स्वयंपाकघरात आणलं. आमच्याकडे गॅस आहे आणि टोपलीत कणसं होती.

ठमे, मी या घरात आल्यापासून त्यांची कणसं खातेय, पण त्या करताना कधी नीट बघितलंच नव्हतं. त्यांनी टोपलीतलं एकेक कणीस पान न उघडता हातात घेतलं. शेंड्याला अंगठा दाबला. शेंडा गोल आणि भरलेला लागला तर ठेवायचं, टोकदार, पोकळ लागला तर बाजूला. केसांना बोट लावून बघितलं, चिकट असले तर ताजं. माझ्या दृष्टीने सगळी सारखीच हिरवी होती. त्यांनी नापास केलेलं एक मी हळूच सोलून बघितलं, तर वरचा भाग निम्मा रिकामा.

मग बाहेरची जाड पानं काढून ती पातेल्याच्या तळाला अंथरली, आतलं एक कोवळं पान मात्र कणसाला तसंच ठेवलं. हात ओले करून केस एकाच दिशेने ओढले, सगळे एकदम सुटून आले. पाण्यात मीठ घालू दिलं नाही, मिठाने साल जून होते म्हणाल्या. तुझा थर्मामीटर घरीच ठेव, इथे कानांनी काम चालतं. पाणी आधी टिकटिकतं, मग घुमतं, कणसं टाकली की गप्प होतं, आणि पुन्हा बोलायला लागलं की आच कमी. मग त्या खुर्ची ओढून बसल्या आणि नाकाने वाट बघत राहिल्या. आधी ओल्या गवताचा वास येतो. तो बदलून गोड, दुधासारखा झाला की शिजलं. मला दोन्ही वास सारखेच वाटले, पण त्या उठल्या, एक दाणा नखाने दाबला आणि बटण फिरवलं. वर हात धरून ज्योत खरंच विझली का ते पाहिलं. अर्धं लिंबू मिठात बुडवून कणसांवर चोळलं.

तुझ्या दादाने तीन खाल्ली आणि एक शब्द बोलला नाही. याला आमच्याकडे कौतुक म्हणतात.

तू आईंसाठी खोली मन लावून केली आहेस हे मला ठाऊक आहे. तरी एकदा पुन्हा विचार कर. राग आला तर सरळ माझ्यावर काढ, आत साठवू नकोस. साठवलेल्या रागाने पत्रं उशिरा येतात आणि मला ते सोसत नाही.

तुझी,
वहिनी


दि. २६ जुलै

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

राग आला. तू काढ म्हणालीस म्हणून काढते.

शेगडीचं वाचून पहिला राग स्वतःचाच आला. मी दुकानात तासभर उभं राहून ती निवडली होती. विकणाऱ्याला दहा प्रश्न विचारले, पण डोळे मिटून एकदा हात फिरवून बघावा, हे काही सुचलं नाही. आईने मला का नाही सांगितलं? मी काय तिला खायला उठते?

पण वहिनी, तू तिला पुन्हा ज्योतीजवळ उभं केलंस. फडकं पेटलं तेव्हा तू धावलीस म्हणून निभावलं. तू दुकानात असतीस तर? तुला तिचं कौतुक करणं सोपं आहे, तू भिंतीपलीकडे आहेस. मी इथे फोन वाजला की आधी देवाचं नाव घेते आणि मग उचलते.

तेव्हा माझं सरळ सांगणं ऐक. मी आठ तारखेला येते. आईने माझ्यासमोर, तिच्या घरात, एकटीने कणसं करावी. तू नाही, दादा नाही, मीही हात लावणार नाही. दारात उभी राहून फक्त बघेन. सगळं नीट झालं, तर न्यायची गोष्ट मी पुन्हा तोंडातून काढणार नाही. आणि मला भीती वाटेल असं काही झालं, तर ती माझ्याबरोबर यायला तयार व्हायची, कटकट न करता. हे तिला विचार. फिरवून फिरवून नको, आहे तसंच विचार.

रागातलं पत्र असलं तरी खाली नमस्कार आहेच, तो नेहमीसारखाच मोजून घे.

तुझी,
ठमी


दि. १ ऑगस्ट

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

विचारलं. आई म्हणाल्या, कबूल. एवढंच. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, परीक्षेला बसवतेय तर निदान प्रश्नपत्रिका सोपी काढली पोरीने. पण रात्री जेवल्या नाहीत नीट. त्यांना घर सोडायचं नाही गं. इथे कुठली पायरी उंच आणि कुठलं दार कुरकुरतं हे त्यांच्या पायांना आणि कानांना पाठ आहे. तुझ्या घरात सगळं पहिल्यापासून शिकावं लागेल, तेही दिसत नसताना. हे त्यांनी तुला सांगितलं नसतं म्हणून मी सांगते.

फडक्याचाही शोध लावला. ते अडकवायचा खिळा शेगडीच्या बरोबर वर होता! तुझे बाबा होते तेव्हापासूनचा. फडकं घसरलं की ज्योतीवरच पडणार, डोळे शाबूत असले तरी. तुझ्या दादाने तो खिळा उपटून समोरच्या भिंतीवर ठोकला आणि अंगठाही ठोकून घेतला. जुनी शेगडी पुन्हा बसवून घेतली, नळी नवी टाकली. काचेची आमच्याकडे आणली, दादाला भांग पाडायला.

वाट बघतोय. पोटात काही ठेवून येऊ नकोस, ना राग, ना जेवण.

तुझी,
वहिनी


दि. १७ ऑगस्ट

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. निघताना तू विचारत होतीस की स्वयंपाकघरात नेमकं काय झालं, आणि मी नंतर सांगते म्हणून टाळलं. दादाच्या कपाळावरच्या आठ्या आणि तुझे डोळे समोर असताना मला सांगता आलं नसतं.

आईने तुम्हाला बाहेर काढलं आणि ती कामाला लागली. मी दारात. तू लिहिलं होतंस ते सगळं झालं, अंगठा, केस, पानं. तू एक लिहायचं राहून गेलंस, की ती किती शांत असते. मी प्रयोगशाळेत चांगली चांगली माणसं बघते, पण प्रत्येक गोष्ट वापरून झाली की जिथली तिथे ठेवणारी अशी कोणी नाही. सुरी नेहमी डावीकडे, पातं भिंतीकडे. मी बघता बघता तिला ओरडायचं कारण शोधत होते आणि सापडत नव्हतं.

पाणी उकळायला लागलं. जमिनीवर थोडे केस पडले होते. त्यावरून तिचा पाय घसरेल म्हणून मी उचलायला वाकले. हात लावणार नाही म्हणाले होते, पण राहवलं नाही. तेवढ्यात झाकणाखाली फेस चढला, पाणी उतू गेलं आणि ज्योत विझली. मला काही कळलंच नाही. मी उठून उभी राहिले तेव्हा आईचा हात बटणावर होता आणि ते फिरवून बंद झालेलं होतं. विझला गं, खिडकी उघड, एवढंच म्हणाली. मग नाकाला गॅसचा वास आला माझ्या. जराचसा. खिडकी उघडून आम्ही दोघी उभ्या राहिलो. वास गेल्याची तिने स्वतः खात्री केली, हात वर धरून बर्नर निवल्याचं पाहिलं, समोरच्या खिळ्यावरचं फडकं घेऊन पुसलं, झाकण तिरकं ठेवलं आणि पुन्हा पेटवला. मला म्हणाली, तू ओरडणार असशील तर आत्ता ओरड, कणसं शिजल्यावर नको.

वहिनी, मी ज्या गोष्टीला भीत होते तीच माझ्या डोळ्यांदेखत झाली, आणि माझे डोळे काही कामाचे नव्हते. मागच्या महिन्यात माझ्याकडे दूध उतू जाऊन गॅस विझला होता. मी बाहेर कपडे वाळत घालून आले, फोनवर बोलले, तेव्हा कुठे लक्षात आलं. तिला आवाज बदलताक्षणी कळलं. मी हरले, आणि मला एवढा अभिमान वाटला की तिला मिठी मारताना तिच्या हातातलं लिंबू माझ्या पाठीवर पिळलं गेलं. माझ्या झग्यावरचा तो डाग तू विचारत होतीस, तो हाच.

शब्द दिल्याप्रमाणे न्यायची गोष्ट मी पुन्हा काढणार नाही. पण तुला एक सांगते, तिला सांगू नकोस. काल संध्याकाळी घरी आले. मागच्या खोलीचं दार उघडलं. पलंग, पडदे, ते दोन कप. आणि मी तिथे बसून खूप रडले. मला वाटत होतं मी तिच्या काळजीने सगळं करतेय. काळजी होतीच. पण मला ती इथे हवी होती गं. कामावरून आल्यावर घरात कोणीतरी असावं, स्वयंपाकघरातून कसला तरी वास यावा. हे मागायची लाज वाटली म्हणून मी तिच्या डोळ्यांचं निमित्त केलं.

असो. शेजारच्या परिचारिकाबाईंना सांगून टाकलं, आता यायला नको. त्या थोड्या हिरमुसल्या.

आईची काळजी घे असं लिहिणार होते, पण आता ते तिलाच तुझ्याबद्दल लिहायला हवं. माझ्यावरचा लोभ तसाच चालू ठेव, मला तो आता जास्त लागेल.

तुझी,
ठमी


दि. २४ ऑगस्ट

चि. ठमीस,
आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

अक्षर सूनबाईचं आहे, सांगणारी मी आहे. आयुष्यभर साहेब लोक सांगायचे आणि मी टाइप करायची. आता मी सांगतेय आणि कोणीतरी लिहितंय. या कामाला बढती म्हणतात, फार उशिरा मिळाली.

तुझं पत्र सूनबाईने वाचलं, स्वतःशीच, पण वाचताना तिचा श्वास दोनदा अडखळला आणि मग नाक ओढलं. मी भिंतीपलीकडून विचारलं काय झालं. ती म्हणाली काही नाही. मी म्हटलं, मग मोठ्याने वाच. तिने फार आढेवेढे घेतले. (आई, मी खरंच वाचणार नव्हते. ठमे, माफ कर. वहिनी.) मध्ये मध्ये लिहू नकोस, सूनबाई.

तर ऐक. तू मला न्यायला आलीस तेव्हा मी रात्ररात्र जागी होते. मला वाटलं, पोरीला मी ओझं दिसते, सांभाळायची वस्तू. खोली रंगवली, कठडा लावला, बाई बसवली, सगळं सांगितलंस. एवढं एक वाक्य तेवढं सांगितलं नाहीस, की आई, मला करमत नाही. ते पहिल्याच पत्रात लिहिलं असतंस तर कणसांची परीक्षा लागली नसती. मी पिशवी भरून दारात उभी राहिले असते.

डोळे गेले म्हणून मी तुझ्याकडे राहायला येणार नाही. तुला करमत नाही म्हणून येईन. पाहुणी म्हणून येईन, कणसांचा हंगाम संपेपर्यंत राहीन आणि माझ्या घरी परत येईन. पुढच्या वर्षी पुन्हा. परिचारिकाबाईंनाही गप्पांना बोलव, त्या हिरमुसल्या हे वाचून मला वाईट वाटलं. सोडायला दादा येईल. अंगठा बरा आहे त्याचा, पण येताना डबा मी धरणार.

तुझ्या स्वयंपाकघरात पहिले काही दिवस मी चुकेन. सुरी कुठे, मीठ कुठे, हे मला हाताने शिकावं लागेल. तेव्हा तू मागे मागे फिरू नकोस आणि पुढे पुढेही करू नकोस. जवळ बसून बोलत राहा, म्हणजे तू कुठे आहेस ते मला कळेल.

कणसं तू आणून ठेवू नकोस, दगडं आणशील. ती मीच निवडणार. बाजार मला नवा आहे, गर्दी असेल, तेव्हा माझा हात धरून ने. हात धरायला माझी कधीच ना नव्हती, ठमे. फक्त धरायच्या आधी विचारत जा.

माया आहेच, ती काळजीच्या खाली दाबून ठेवू नये, एवढं आईचं मागणं.

तुझी,
आई